अप्पांच्या मरणाचे खर्डे

अप्पा, म्हणजे माझे वडील, गेले त्याला आता दोन महिने होतील. दुपारी जेवून आडवे झाले आणि चहाच्या वेळी उठले नाहीत. भेटायला येणारी माणसे आवाज खाली आणून विचारतात, कसे गेले? मी एवढेच सांगतो. पुण्यवान होते, असे म्हणून ती मान हलवतात. सांगायला एक दम पुरतो.

हेच मरण पाच-सहा वर्षांपूर्वी मी लिहायला घेतले होते, तेव्हा ते मला गणपतीपासून होळीपर्यंत पुरले. त्या वेळी अप्पा धडधाकट होते, रोज मंडईतून भाजी आणत होते आणि आपल्या मरणात काय चुकले आहे ते मला समजावून सांगत होते. हल्ली लिहायला बसलो की हात पुढे सरकत नाही. एका बैठकीत चार ओळी होतात. पण ती हकीकत आठवली की हसू येते. सध्या घरात हसण्याची सोय नाही, म्हणून कागदावर उतरवतो आहे.

अप्पा जन्मभर जकात नाक्यावर कारकून होते. गावात शिरणारी गाडी थांबवायची आणि आत काय आहे ते विचारायचे, हे त्यांचे काम. पेन्शनीत आल्यावर नाका सुटला, विचारणे सुटले नाही. घरी पाहुणा आला की 'या, बसा' म्हणण्याआधी त्यांची नजर त्याच्या पिशवीवर जाई. माझ्या मावशीने एकदा चिडून त्यांच्यापुढे पिशवी उलटी केली. घरंगळत गेलेल्या लाडवांकडे अप्पांनी नीट पाहिले आणि 'ठीक आहे' म्हणून तिला आत सोडले.

जन्मभर दुसऱ्यांना जाताना-येताना पाहिलेल्या या माणसाला स्वतः एकदा काशीला जायचे होते. दर वर्षी बेत ठरे. अप्पा माळ्यावरून जाजम काढत, त्यात धोतरे, पंचा, तांब्या घालून वळकटी बांधत, आणि दर वर्षी काहीतरी निघे. कधी आत्याचे गुडघे, कधी पंचांग. एका वर्षी ते खरोखरच स्टेशनापर्यंत गेले आणि संध्याकाळी त्याच टांग्याने परत आले. आईने कारण विचारले तेव्हा म्हणाले, गाडीत सगळी अनोळखी माणसे होती.

मी तेव्हा हायस्कुलात मराठी आणि संस्कृत शिकवीत असे. यावर मी एक गोष्ट लिहिली: एक पेन्शनर कारकून, दर वर्षी वळकटी बांधतो, स्टेशनावर जातो, परत येतो. गणेशोत्सवात आमच्या वाचनालयात ती वाचून दाखवली. अप्पा पहिल्या रांगेत होते आणि सगळ्यांत मोठ्याने तेच हसले. घरी येताना मला म्हणाले, असाच एक वल्ली आमच्या नाक्यावर होता, तुला कुठे भेटला? ते थट्टा करत नव्हते. त्यांनी मनापासून त्या वल्लीची आणखी एक-दोन लक्षणे मला सांगितली, आणि तीही त्यांचीच होती.

त्या दिवशी श्रोत्यांत पुण्याच्या एका बोलपट कंपनीचे डायरेक्टर बसले होते. सोलापूर त्यांची सासुरवाडी. गणपतीसाठी आले होते आणि सासऱ्यांपासून दूर बसायला मिळेल म्हणून वाचनालयात शिरले होते, असे त्यांनीच मला नंतर सांगितले. गोष्ट त्यांना आवडली. फक्त शेवटी म्हातारा मेला पाहिजे, म्हणाले.

मी म्हटले, तो तर घरी परत येतो.

"मास्तर, लोक तिकीट काढून येतात," ते म्हणाले. "म्हातारा नुसता घरी गेला तर लोक म्हणतील, घरी जायचंच होतं तर आम्ही आलो कशाला?"

असे म्हणून त्यांनी मला त्या गोष्टीचा सिनारिओ लिहायला सांगितले. सिनारिओ म्हणजे काय ते विचारायची मला लाज वाटली. ते गेल्यावर मी डिक्शनरीत पाहिले. तिथे जो अर्थ होता त्याने माझ्या ज्ञानात भर पडली नाही.

पहिला खर्डा मी महिनाभर खपून लिहिला. भाषा अशी साधली होती की वर्गात उतारा म्हणून घालावी. तो तांबड्या पेन्सिलीने रंगून परत आला. 'त्याच्या अंतःकरणात काहूर माजले' या वाक्याशेजारी डायरेक्टरांनी लिहिले होते, 'काहूर कॅमेऱ्यात कसे घ्यावे?' 'त्याला आपल्या गत आयुष्याची आठवण झाली' याच्या शेजारी, 'आम्हांला कसे कळले?' शेवटी एकच सूचना होती: डोळ्यांना दिसेल आणि कानांना ऐकू येईल तेवढेच लिहा, बाकीचे तुमच्याजवळ ठेवा. मी आठ-पंधरा दिवस त्या माणसाशी मनातल्या मनात भांडलो. मग ध्यानात आले की तेही कॅमेऱ्यात येत नाही, आणि पुन्हा लिहायला बसलो.

आता अप्पांकडे बघणे आले. इतकी वर्षे मी त्यांना ओळखत होतो, पण त्यांना वाईट वाटले की ते काय करतात, हे मला सांगता येईना. हळूहळू कळत गेले. वाईट वाटले की ते छत्री काढून पुसायला बसत. पाऊस असो वा नसो, आणि सोलापुरात तो बहुधा नसतोच. आनंद झाला की भाजीवाल्याला नावे ठेवत. हे सगळे मी लिहून घेत होतो. अप्पांना वाटे, मास्तर परीक्षेचे पेपर काढतो आहे.

दुसरा खर्डा मी रविवारी दुपारी घरी वाचला. अप्पा झोपाळ्यावर, आई ज्वारी निवडत खाली. अप्पा पहिल्यासारखेच हसले. आईचा हात मात्र सुपातच थांबला. म्हातारा स्टेशनावर निघाला, छातीला हात लावला, इथवर आल्यावर तिने सूप बाजूला ठेवले आणि मला स्वयंपाकघरात बोलावले.

"तुला दुसरं कोणी मिळालं नाही?"

"आई, तो गोष्टीतला म्हातारा आहे."

"गोष्टीतल्याची वळकटी आपल्या माळ्यावर आहे."

तिने निकाल दिला: हे मरण या घरात लिहायचे नाही, वाचायचे नाही आणि त्याचा कागद देवघराच्या भिंतीला लागून ठेवायचा नाही. जिथे रोज दिवा लागतो तिथे जित्या माणसाचे मरण मांडून बसायचे म्हणजे ते बोलावण्यासारखे आहे. बाकी लग्न, भांडण, आगगाडी, काय हवे ते घरात लिही.

म्हणून बाकीचा बोलपट मी घरी लिहिला आणि मरण लिहायला तळ्यावर जाऊ लागलो. शाळा सुटली की सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी एका कडुनिंबाखाली बसायचे आणि अंधार पडेपर्यंत म्हाताऱ्याला मारायचे. जाणारे-येणारे बघत. हातात कागद, डोळे भरलेले, ओठ हलताहेत. शेळ्या घेऊन जाणारा एक बाबा दोन-तीन दिवस नुसता पाहत होता, मग न राहवून जवळ आला आणि म्हणाला, "मास्तर, घरी बरं हाय न्हवं? न्हाय, तळं लई खोल हाय, म्हनून इचारलं."

त्यानंतर मी तळे सोडले. त्यातच डायरेक्टरांचे पत्र आले की संवाद मोठ्याने म्हणून बघत जा, कानाला खोटा लागतो तो काढून टाका. तळ्यावर मोठ्याने म्हटले असते तर त्या बाबाने मला शेळीच्या दोराने बांधून घरी आणले असते. एका संध्याकाळी आई देवळात कीर्तनाला गेली, अप्पा मंडईत गेले. मी दार लोटले आणि मरणाचा प्रवेश काढला.

गोष्टीतला मुलगा बापाला अप्पाच म्हणत असे. दुसरी हाक मला सुचलीच नव्हती. मी आधी जरा दबत म्हणालो, "अप्पा, डोळे उघडा." कानाला खोटे लागले. पुन्हा म्हणालो. मग मुलीचे वाक्य होते, मग सुनेचा आकांत. तिसऱ्या खेपेला मला सूर सापडला. आमच्या भिंतीला लागून एका विणकराचे घर होते. दिवसभर त्यांच्या मागांचा खडखडाट चाले, इतका की आम्हांला तो ऐकूही येत नसे. त्या संध्याकाळी तो खडखडाट एकदम थांबला. त्या शांततेत माझाच आवाज मला भारदस्त वाटला आणि मी सबंध प्रवेश पुन्हा एकदा पहिल्यापासून केला.

दार उघडले तेव्हा ओटा भरलेला होता. पुरुष खाली माना घालून बसले होते, बायका पदर तोंडाला लावून उभ्या. विणकरांच्या घरची आजी, जिला आम्ही सगळे अव्वा म्हणत असू, तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि "अय्यो, पोरा" म्हणून रडू लागली. माझ्या डोळ्यांत आधीचेच पाणी होते. मला बोलता येईना. मी नाही-नाही अशी मान हलवली, ती लोकांनी दुःखाची धरली. कोणी म्हणाले, आईला निरोप गेला का? कोणी म्हणाले, बांबू बघायला माणूस पाठवला आहे.

इतक्यात अप्पा मेथीची जुडी घेऊन गल्लीत शिरले. दारासमोर माणसे बसलेली पाहून त्यांनी काय करावे? त्यांनी जोडे कडेला काढले, टोपी काढून मांडीवर ठेवली, मेथी हळूच बाजूला ठेवली आणि सगळ्यांच्या मागे खाली मान घालून बसले. बराच वेळ कोणाचे लक्ष गेले नाही. मग त्यांनी शेजारच्या माणसाला हलकेच विचारले, "कोण गेलं?"

तो माणूस त्यांच्याकडे बघतच राहिला. मोठ्या कष्टाने म्हणाला, "काका, तुमीच."

अप्पांनी थोडा विचार केला. "केव्हा?" त्यांनी विचारले.

यानंतर जो गोंधळ झाला तो मला सांगता येणार नाही. तो डायरेक्टरांना पाहिजे तसा होता: सगळा दिसणारा आणि ऐकू येणारा. हसणे, ओरडणे, बांबूवाल्याला परत फिरवायला पळणे. पण त्याच वेळी आई गल्लीच्या तोंडाशी आली. कीर्तनात कोणीतरी तिला गाठले होते, आणि ती अनवाणीच आली होती. तिला माणसे दिसली, अप्पा दिसले नाहीत, कारण ते खाली बसलेले होते. ती तिथेच भिंतीला हात लावून उभी राहिली. तेव्हाचा तिचा चेहरा मला कोणत्याही खर्ड्यात लिहिता आला नाही आणि मी तो लिहायचा प्रयत्नही केला नाही. मग अप्पा उठून उभे राहिले. आई सरळ आत गेली आणि पाण्याच्या हंड्याजवळ बसून राहिली.

मी अपराध्यासारखा दारात उभा होतो. अव्वाच पुढे झाली. तिने आमच्याच डब्यातला गूळ काढला, अप्पांच्या हातावर ठेवला आणि आईला म्हणाली, "रडू नको वो अक्का. आयुष्य वाढलं की. खोटं मरण आलं तर खरं लांब जातं."

हे सोलापुरात सगळ्यांनाच ठाऊक होते, आईलाही. अप्पांनी तर लगेच दाखला दिला: बार्शीच्या त्यांच्या काकांची अशीच खोटी बातमी आली होती, घरात स्नाने झाली, आणि दुसऱ्या दिवशी काका बैलगाडीतून उतरले. पुढे नव्वदीपर्यंत जगले. शेवटी लोक कंटाळले. आई ऐकत होती. तिने डोळे पुसले. थोड्या वेळाने मला विचारले, "ते पुण्याचे अजून किती वेळा लिहायला लावतील?"

त्या दिवसापासून घरात वारे फिरले. आता तीच मला विचारू लागली, नवा खर्डा केव्हा वाचणार? वाचन ठरले की ती आधी गूळ काढून ठेवी. म्हातारा मेला की अप्पांच्या हातावर खडा पडे. अप्पांना आता आपण कोण आहोत ते पक्के कळले होते आणि त्यांना त्याचे वाईट वाटले नाही. उलट ते चोखंदळ झाले. पावसात मरण त्यांना नको होते, कारण पाहुण्यांचे हाल होतात. एका खर्ड्यात मी म्हाताऱ्याला टांग्यात मारले. अप्पा म्हणाले, टांगेवाल्याने काय करायचे मग?

पुण्याहून येणाऱ्या नापसंतीने माझा धीर खचत होता आणि आईचा वाढत होता. प्रवेश लांबला, असे पत्र आले, मी छाटला. तुटक झाला, म्हणून परत आला, मी वाढवला. मधेच म्हाताऱ्याच्या कामासाठी नाटकातले एक जुने गाणारे नट ठरले आणि ते पदाशिवाय मरायला तयार होईनात. मी मरता-मरता म्हणायचे पद लिहिले. अप्पा म्हणाले, छातीत कळ आलेला माणूस ताना कसा घेईल? आई म्हणाली, घेऊ दे, तेवढाच वेळ जाईल. तो खर्डाही परत आला. मी टेबलावर डोके ठेवून बसलो होतो. आई गुळाचा डबा घेऊन समोर उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर असे समाधान होते की मला रागावताही येईना. मला एकदा वाटले, हा बोलपट कधी पुरा झालाच नाही तर अप्पा अमर होतील.

माघाच्या सुमारास डायरेक्टर सासुरवाडीला आले. मला नव्या पेठेतल्या एका हॉटेलात घेऊन गेले, चहा मागवला आणि सगळे खर्डे समोर ठेवले. आता ते थट्टा करणार म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी केली नाही.

"मास्तर, यांत एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे," ते म्हणाले. "म्हातारा मरायला लागला की तुम्ही दुसरीकडे बघता. मुलगा रडतो, सून रडते, दिवा विझतो, गाडी शिट्टी देते. म्हातारा कुठे आहे? एकदा त्याच्याकडे बघा."

मी चहा न पिताच उठलो. मला राग आला होता, कारण ते खरे होते.

त्या वर्षी काशीचा बेत माघातच ठरला होता. घरी आलो तेव्हा अप्पा माजघरात वळकटी बांधत होते. मी उंबऱ्यावर बसलो. गुडघ्याने जाजम दाबायचे, दोरी खालून घालायची, ओढायची, मग श्वास घ्यायला थांबायचे. पूर्वी थांबावे लागत नसे. मनगटे बारीक झाली होती. दोरीचे टोक दातात धरायची त्यांची सवय होती, पण पुढचे दात गेले होते, म्हणून टोक नुसते ओठांत धरले होते आणि ते सुटत होते. मी किती वेळ बघत होतो कोण जाणे.

"काय बघतोस?" अप्पा म्हणाले.

"काही नाही."

"मग हे टोक धर."

मी धरले. त्यांनी गाठ मारली.

तो खर्डा मी एका बैठकीत लिहिला, घरातच. त्यात एकही संवाद नव्हता. म्हातारा वळकटी बांधतो आहे. गुडघा, दोरी, श्वास. शेजारच्या खोलीत सून भाकरी थापते आहे, तो आवाज. गाठीचा पहिला वेढा पडतो, दुसरा घालताना हात थांबतात. भाकरीचा आवाज चालू असतो. बस.

रविवारी वाचला. नेहमी शेवट आला की अप्पा काहीतरी बोलत. या वेळी झोपाळाही थांबला होता. आईने गूळ काढून ठेवला होता, पण डबा उघडला नाही.

"हे धाडू नकोस," ती म्हणाली.

"का? चांगलं नाही झालं?"

"चांगलं झालंय. म्हणूनच. हे खोटं वाटत नाही."

तिचे म्हणणे सरळ होते. खोट्या मरणाने आयुष्य वाढते. पण हे देवाला खोटे वाटले पाहिजे ना? इतके दिवस मी लिहिले ते कोणालाही खोटे वाटले असते. हे तसे नव्हते. लेखनाची अशी स्तुती मला जन्मात परत मिळाली नाही, आणि तीच माझ्या वाटेत आडवी आली. मी समजावून पाहिले, चिडलो, जेवलो नाही. ती म्हणाली, एक तर तो बोलपट, नाही तर हे झोपाळ्यावर बसले आहेत ते. काय हवे ते बघ. अप्पा दोन दिवस छत्री पुसत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, धाडायचे नाही तर नको धाडू, पण मला वाचायला तरी दे. आणि चष्मा लावून तो खर्डा पुन्हा वाचत बसले. ते पाहून आई आणखी घाबरली.

तोडगा तिनेच काढला. सकाळी मला उठवून म्हणाली, त्याला तपकीर ओढू दे.

अप्पांना तपकिरीचा जन्माचा तिटकारा. नाक्यावर तपकीर ओढणारा कोणी आला की ते त्याची गाडी आधी सोडून देत. आईचे गणित असे की मरायच्या आधी म्हाताऱ्याने कनवटीची डबी काढून चांगली चिमूटभर तपकीर ओढली, म्हणजे वर बसलेल्याला कळेल, हा तो नव्हे, हा दुसरा कोणी. मी म्हटले, सबंध प्रवेश बिघडेल. ती म्हणाली, बिघडू दे, जरासा बिघडलेलाच बरा. अप्पांना विचारले. ते म्हणाले, घाण सवय आहे, पण तुझ्या आईची समजूत पटत असेल तर मी ओढतो.

मी जड हाताने ते वाक्य घातले: पहिला वेढा, मग डबी, चिमूट, मग दुसरा वेढा. आईने अप्पांच्या हातावर गूळ ठेवला. खर्डा पुण्याला गेला आणि परत आला नाही. पत्र आले: प्रवेश जसाच्या तसा घेत आहोत, एक अक्षर बदलणार नाही. विशेषतः तपकिरीची जी जागा साधली आहे, तिथे तुमच्यातला खरा लेखक दिसतो.

ते पत्र मी आईला वाचून दाखवले नाही.

वर्षभराने बोलपट सोलापुरात लागला. पडद्यावरच्या नावांच्या पाटीवर माझे नाव कपडेपटवाल्याच्या खाली होते. गोष्ट मला ओळखू आली नाही. एक बाग आली होती, एक जमीनदार आला होता, सुनेला जुळी बहीण निघाली होती. मी खुर्चीत खाली-खाली सरकत होतो. अप्पा माझ्या डाव्या हाताला, आई पलीकडे. पुढचा तळमजला गिरण्यांतल्या माणसांनी भरलेला, नाचाला शिट्ट्या, जमीनदाराला शिव्या, तेलुगू, कानडी, दखनी, सगळ्या.

मग म्हातारा वळकटी बांधायला बसला.

त्या नटाने पद म्हटले नाही. गुडघ्याने जाजम दाबले, दोरी ओढली, थांबला. शिट्ट्या कमी झाल्या. डबी काढली तेव्हा आईने अप्पांच्या कोपराला स्पर्श करून मान हलवली, जणू सांगत होती, बघा, तपकीर. पहिला वेढा, दुसरा, हात थांबले. भाकरीचा आवाज चालू राहिला. थिएटरात कोणी हलेना. मी लिहिलेले काहीतरी अंधारात एवढ्या माणसांना धरून ठेवते आहे, हे मला कळत होते.

आमच्या मागे एक माणूस शेजाऱ्याला कुजबुजत होता. "दमलाय त्यो. उठंल की आता. थांब जरा." भाकरीचा आवाज येतच होता. "उठंल," तो पुन्हा म्हणाला, पण आवाज बारीक झाला होता.

अप्पा मागे वळले. "नाही हो," ते त्याला समजुतीच्या आवाजात म्हणाले. "गेला तो. मला आधीपासून ठाऊक आहे."

त्या माणसाने डोळे पुसत विचारले, "काका, तुमच्या नात्यातलं व्हतं व्हय?"

आई पुढे वाकून अप्पांकडे बघत होती. अप्पांनी क्षणभर पडद्याकडे पाहिले.

"लांबच्या," ते म्हणाले, आणि आई निश्चिंतपणे खुर्चीला टेकून बसली.